पाण्याची पातळी: जपानमधील दहा दिवस

आशिया खंडातील विद्यार्थ्यांना थोड्या दिवसांसाठी आपल्या देशात बोलावण्याचे कार्यक्रम जपान सरकार बरीच वर्षे राबवीत आले आहे. २००७ साली सुरू झालेला 'जेनेसिस' हा त्यांतला एक. मुक्काम आठ-दहा दिवसांचा. विमानाचे तिकीट, राहणे, खाणेपिणे हा सारा खर्च यजमानांचा. विद्यार्थ्याने तिकडची शाळा, कारखाना, गाव पाहायचे, एखाद्या कुटुंबात राहायचे आणि आपल्या देशाविषयी चार गोष्टी सांगायच्या, एवढेच.

२०१९ च्या नोव्हेंबरात मी अशाच एका तुकडीतून जपानला जाऊन आले. त्या वेळी मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इतिहास. वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार. आई एका खासगी शाळेत ठेकेदारामार्फत सफाईचे काम करते. निवड झाल्याचे सांगितले तेव्हा आईने दोनच प्रश्न विचारले, "पैसे कोण देणार? आणि संगती कोण बाई आहे का?" दोन्हींची उत्तरे मिळाल्यावर तिने शेजारणीला बोलावून चहा टाकला.

आमच्या घरात पासपोर्ट असा पहिलाच. फी पंधराशे रुपये. जन्माचा दाखला सापडत नव्हता, पण शाळा सोडल्याचा दाखला चालला. चौकशीला पोलीस येणार म्हटल्यावर वस्तीत कुजबुज झाली, मग बाबांनीच चौकात सांगून टाकले, "पोरगी जपानला चालली आहे, म्हणून येणार आहेत."

आमची तुकडी वीस जणांची होती. पहिले दोन दिवस टोकियोत व्याख्याने झाली. मग शिनकानसेन या वेगवान गाडीने सव्वादोन तासांत क्योटो आणि पुढे नारा. आठव्या शतकात नारा ही जपानची राजधानी होती. तिथल्या तोदाइजी विहारात भगवान बुद्धांची सुमारे पंधरा मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती आहे. ७५२ साली या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी झाला, तो बोधिसेन या भारतीय भिक्षूंच्या हस्ते. ते ७३६ साली जपानला पोहोचले आणि ७६० साली तिथेच वारले. मूर्तीपुढे उभी असताना मनात आले, सांस्कृतिक देवाणघेवाण हा शब्द नवा असेल, पण ही वाट आपल्या माणसांनी कधीचीच चाललेली आहे.

पाचव्या दिवशी आम्हाला एका माध्यमिक शाळेत नेले. दारातच बूट काढून आतले हलके जोडे घालायचे. दुपारचे जेवण मुलांनीच वाढले. डोक्याला पांढरी टोपी, अंगावर पांढरा डगला घातलेली चार मुले पातेल्यातून सूप वाढत होती. जेवणानंतर गाणे वाजू लागले आणि सगळी शाळा कामाला लागली. कोणी झाडू घेतला, कोणी बालदी. मुले गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने व्हरांड्याची लाकडी फरशी पुसत होती. एक गट जिन्यावर, एक संडासात. कोण कुठे जाणार याचा तक्ता भिंतीवर लावलेला होता. आठवडाभराने जागा बदलतात, म्हणजे या आठवड्यात वर्गात असलेला पुढच्या आठवड्यात संडासात. वीस मिनिटांत सगळे आटोपले. शाळेत दुरुस्तीला आणि जड कामांना माणूस असतो, पण रोजचा केर मुलेच काढतात.

नंतर प्रश्नोत्तरे झाली. दुभाषी बाई मध्ये बसल्या होत्या. एका मुलीने विचारले, "तुमच्याकडे शाळेची सफाई कधी असते?" आमच्यातला एकजण हसून म्हणाला, "आमच्याकडे त्याला माणसं असतात."

वाक्य साधेच होते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हेही मला ठाऊक आहे. पण ती 'माणसं' म्हणजे माझी आई. गप्प बसले असते तर कोणाला काही कळले नसते. मी हात वर केला आणि म्हणाले, "माझी आई ते काम करते. एका शाळेत."

क्षणभर आमच्या बाकांवर शांतता पसरली. जपानी मुलांना मात्र त्यात गप्प होण्यासारखे काही वाटले नाही. त्याच मुलीने विचारले, "एकटी?" मी म्हटले, "दोघी जणी." "वर्ग किती?" "तीन मजले, छत्तीस वर्ग." मुलांनी आपापसांत हिशेब केला. आम्ही तीस जण मिळून एक वर्ग, एक जिना आणि एक संडास वीस मिनिटांत करतो, मग दोघींना छत्तीस वर्गांना किती वेळ लागेल? उत्तर ऐकून मागचा एक मुलगा मोठ्याने काहीतरी बोलला. दुभाषी बाईंनी सांगितले, "तो म्हणतो, त्यांच्या कंबरेला फार त्रास होत असेल." आईच्या कंबरेची चौकशी शाळेत कोणी केल्याचे मी प्रथमच ऐकत होते.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शाळेत मुलांच्या हाती झाडू येणे आपल्याला नवे नाही. आपल्याकडेही तो येतो, पण अनेकदा ठराविक वस्तीतल्या मुलांच्याच हाती, आणि संडासाच्या बाबतीत तर हटकून. त्यामुळे 'जपानसारखे करा' असे कोणी म्हणाले तर आधी भिंतीवरचा तक्ता पाहावा. पाळी सर्वांची असेल तर ती शिस्त. ठराविकांची असेल तर ती तीच जुनी जात.

एवढे पाहून परतले असते तर 'जपान म्हणजे स्वर्ग' असेच मी इथे लिहिले असते. पण जाण्यापूर्वी आमच्या सरांनी ग्रंथालयातून एक पुस्तक वाचायला दिले होते, बुराकू लोकांविषयीचे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, ढोल मढवणे ही कामे जपानमध्येही पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घराण्यांवर लादलेली होती. त्यांची वस्ती वेगळी, त्यांना दिलेले नावच घाणीचा अर्थ सांगणारे. १८७१ साली सरकारने हुकूम काढून हा दर्जा रद्द केला. पण कागदावरचा शब्द गेला तरी वस्तीचा पत्ता राहिला. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे मूळ गाव शोधतात. अशा वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना गुपचूप विकली जात असल्याचे १९७५ साली उघडकीस आले. नोकरीला आलेला माणूस कुठला, हे तपासायला ती यादी वापरत.

शेवटचे दोन दिवस नारा प्रांतातल्या एका कुटुंबात राहायचे होते. घरच्या बाई साठीच्या. त्यांना आम्ही 'ओकासान' म्हणजे आई म्हणत असू. सकाळच्या न्याहारीला भात आणि भाजलेला मासा. आमच्या घरच्या सुकटीची आठवण झाली आणि मी दोनदा भात घेतला. अंगणात काकीच्या झाडावर टोमॅटोसारखी केशरी फळे लगडली होती. ओकासाननी मोबाईलवरच्या दुभाष्यातून विचारले, "आज काय पाहणार? हरणं? बाजार?" मी म्हटले, "गोसेचं सुइहेइशा संग्रहालय."

त्या थबकल्या. हातातले फळ खाली ठेवले. मग मोबाईलमध्ये बोलल्या, "हे आमच्याकडे बोलत नाहीत." थोड्या वेळाने मात्र गाडीची किल्ली घेऊन आल्या.

सुइहेइशा ही बुराकू लोकांची पहिली देशव्यापी संघटना. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये तिची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा साइको मानकिची या तरुणाने लिहिला. तो गोसेच्याच एका बौद्ध मंदिरात जन्मलेला. दुसऱ्यांच्या दयेवर नव्हे, स्वतःच्या बळावर मोकळे व्हा, आपल्या नावाची लाज टाका, असा त्याचा आशय. काळ्या कापडावर तांबडा काटेरी मुकुट हा त्यांचा झेंडा. 'सुइ' म्हणजे पाणी, 'हेइ' म्हणजे सपाट. पाण्याची पातळी जशी सर्वत्र सारखी, तसा माणसांचा समाज. मला लगेच २० मार्च १९२७ आणि महाडचे तळे आठवले. एकमेकांपासून हजारो मैल दूर, पाच वर्षांच्या अंतराने, दोन्हीकडच्या माणसांनी पाण्यापाशीच समतेचा अर्थ शोधला.

एक गोष्ट आपण बौद्धांनी विशेष ध्यानात ठेवावी. विहार आणि भिक्षू असलेल्या त्या देशात बुराकू लोकांच्या मृतांना दिलेल्या धार्मिक नावांतही हीनतेची अक्षरे घातली गेली होती. धम्म देशात असणे पुरेसे नाही, तो वागण्यात असावा लागतो. भेदभाव नाहीसा करण्यासाठीचा कायदा जपानने २०१६ साली केला, म्हणजे हुकुमानंतर १४५ वर्षांनी.

परतताना गाडी थांबवून ओकासाननी सांगितले, त्यांच्या लग्नाआधी सासरच्यांनी माणूस लावून त्यांच्या घराण्याची चौकशी केली होती. "तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना आईचा फोटो दाखवला, ती काय काम करते तेही सांगितले. निघताना त्यांनी आईसाठी वाळवलेल्या काकीची पिशवी दिली.

आपल्या मुलामुलींनी अशा संधी घ्याव्यात. विद्यापीठाच्या सूचना फलकावर नजर ठेवावी. पासपोर्ट आधीच काढून ठेवावा, निवड झाल्यावर धावपळ होते. ज्या देशात जायचे तिथल्या राजवाड्यांबरोबर तिथल्या शेवटच्या माणसाविषयीही वाचून जावे. इंग्रजी मोडके असले तरी चालते. आपल्या आईबापांचे काम काय, हे मात्र स्पष्ट सांगता आले पाहिजे.