घरच्याला खूण कशाला?

देवडीवर पाहुण्याची चौकशी होते. घरच्या माणसाला कोणी नांव-गांव विचारीत नाहीं. ही रीत आम्हांला इतकी स्वाभाविक वाटे, कीं तींत कांहीं धोका असेल अशी शंका आमच्या मनास कधीं शिवली नव्हती. २०१४ सालच्या पावसाळ्यांतील एका रात्रीनें आमचे डोळे उघडले.

आमचा धंदा संगणकांचीं जाळीं जोडण्याचा. एका कचेरीच्या दोन मजल्यांवर दोन स्विच होते. हिशेबनीस, अधिकारी व पाहुणे यांचीं जाळीं निरनिराळीं. अशा प्रत्येक जाळ्यास व्हीलॅन म्हणतात. दोन स्विचांना जोडणारी ट्रंक नांवाची तार मात्र एकच. तीवरून जातांना सरमिसळ होऊं नये म्हणून प्रत्येक संदेशावर ४ बाइटांची चिठ्ठी चिकटवितात, आणि तींत त्याच्या व्हीलॅनचा क्रमांक असतो. १९९८ सालच्या ८०२.१क्यू या नियमानें हें चालतें. परंतु प्रत्येक टोकास एक व्हीलॅन 'नेटिव्ह', म्हणजे घरचें, मानलेलें असतें. त्याचे संदेश चिठ्ठीवांचून जातात. आणि बिनचिठ्ठीचा संदेश दिसला, कीं समोरचा स्विच त्याला आपल्या घरचा समजून आंत घेतो.

त्या रात्रीं वरच्या मजल्यावरील हिशेबनिसांचे संगणक एकाएकीं मुके झाले. सकाळीं पगार वांटावयाचे होते. तारा शाबूत, दिवे हिरवे! खालचा स्विच आमच्या तरुण साहाय्यकानें त्याच दिवशीं बसविला होता. आम्ही त्याला चारचौघांत नको तें बोललों. तो मान खालीं घालून उभा राहिला.

पहाटे आम्ही दोन्ही यंत्रांची मांडणी शेजारीं शेजारीं ठेवून वाचली. साहाय्यकानें ९९ हा, कोणाचेंच बिऱ्हाड नसलेला, क्रमांक नेटिव्ह नेमला होता. वर आम्ही कांहींच नेमलें नव्हतें. म्हणून तेथें कारखान्यांतून आलेला १ हाच क्रमांक राहिला होता, आणि हिशेबनीसहि त्यांतच नांदत होते. त्यांचे संदेश बिनचिठ्ठीचे खालीं उतरत, आणि ९९च्या ओसाड वाड्यांत शिरून नाहींसे होत. दोन्ही टोकें जुळत नाहींत, ही तक्रार यंत्रानें आपल्या नोंदींत संध्याकाळपासून वारंवार लिहिली होती. ती आम्ही उघडूनहि पाहिली नव्हती.

साहाय्यकाचें करणें शहाणपणाचें होतें. राबत्या जाळ्यास नेटिव्ह ठेवलें, तर त्यांतील एखादा लबाड संदेशावर दोन चिठ्ठ्या चिकटवूं शकतो. पहिला स्विच वरची काढतो, दुसरा आंतली वाचतो, आणि संदेश परक्या जाळ्यांत शिरतो. साहाय्यकानें आम्हांला विचारलें नाहीं, एवढेंच. पण आमच्या स्विचवर काय आहे, हें आम्ही तरी त्याला कोठें सांगितलें होतें?

आम्ही वरहि ९९ केला, हिशेबनिसांना २० हा निराळा क्रमांक दिला, आणि पगार वेळेवर वांटले गेले. चारचौघांत बोललेलें आम्ही चारचौघांतच परत घेतलें. तें मात्र स्विच दुरुस्त करण्याइतकें सोपें गेलें नाहीं.