ताई, तुझं थोरलेपण घटतंय

ती. ताईस,


औंढ्याजवळ 2600 कोटी खर्चून काळ मोजायचं यंत्र बांधतायत, असं दाजींनी तुला सांगितलं म्हणे. यंत्र काळाचं नाही, पण काळाचा वेग बदलतो असं सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरच ते उभं आहे; म्हणून दाजी अगदीच चुकलेले नाहीत.

वस्तुमानाजवळ काळ सावकाश चालतो, दूर गेलं की भरभर. आइन्स्टाइनचं हे म्हणणं आता घड्याळानं मोजता येतं. टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यात जपानी शास्त्रज्ञांनी एक घड्याळ पायथ्याशी आणि एक 450 मीटर वर ठेवलं. 2020 साली त्यांचा निकाल छापून आला: वरचं घड्याळ दिवसाला 4 नॅनोसेकंद पुढे, म्हणजे सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले चार. आता बघ, तू समुद्रकाठी मुंबईत आणि मी इथं आपल्या हिंगोलीत, जवळपास त्या वरच्या घड्याळाइतक्याच उंचीवर. म्हणजे वर्षाला सुमारे दीड मायक्रोसेकंद मी तुझ्यापेक्षा जास्त म्हातारा होतोय. तुझं थोरलेपण तेवढं घटतंय, तरी ओवाळणी मीच द्यायची!

वेगानंही काळ मंदावतो. पण तू रोज दोन तास लोकलनं ये-जा केलीस, तरी त्यानं पडणारा फरक या उंचीच्या फरकाचा तीनशेवा भागही नाही. जीपीएसच्या उपग्रहांचं मात्र तसं नाही. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे 45 पुढे जातात. उरलेले 38 आधीच हिशेबात धरावे लागतात; तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटर जातो. मोबाइलवर रस्ता शोधतेस तेव्हा आइन्स्टाइन कामाला लागलेला असतो.

आता औंढ्याचं. त्याचं नाव लायगो-इंडिया. एकमेकींना काटकोनात, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांत लेसर. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशातच लाट उठते आणि भुजांची लांबी किंचित बदलते. हा बदल प्रोटॉनच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान. नामदेवांसाठी याच औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ फिरलं, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला अवकाश ताणलं जातं हे पचायला जड जाऊ नये.

14 सप्टेंबर 2015 ला पहिली लाट सापडली. अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर ती 7 मिलिसेकंदांच्या अंतरानं पोचली. अशा फरकावरूनच लाट कुठून आली ते काढतात, आणि दोनच केंद्रं असली की आभाळाचा भलामोठा पट्टा शिल्लक राहतो. इटली, जपान आहेतच. पण इतक्या दूरचं आपलं केंद्र त्यांच्या जोडीला आलं की तो पट्टा आणखी आवळेल आणि दुर्बिणी नेमक्या कुठं वळवायच्या ते कळेल. म्हणून हा खर्च मला पटतो.

मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल 2023 ची, उद्दिष्ट 2030 चं. सरकारी काळाला सापेक्षता लागू होते का, ते दाजींनाच विचार; नोकरी त्यांनी सरकारातच केली.

तुझा,
धाकटा