गव्हातले निदण

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात विस्तव करून त्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवतात आणि त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या हातांतल्या मेणबत्त्या लागतात. त्याच विधीत पुढे फादर विचारतात, तुम्ही सैतानाचा त्याग करता का? त्याच्या कृत्यांचा त्याग करता का? लोक एका सुरात होकार देतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण तान्हे असताना हे उत्तर आईबापांनी दिलेले असते. ते दर वर्षी आता आपल्या तोंडाने द्यायचे. दिवस काजूच्या हंगामाचे असतात. रात्री उशिरा घरी यायचे आणि सकाळी पुन्हा बोंडू वेचायला बाग गाठायची.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी रेडीचा. घरात मालवणी, चर्चमध्ये कोकणी आणि कचेरीत मराठी, असा माझा संसार. बी.एस्सी. ॲग्री झालो आणि कृषी विस्तार अधिकारी म्हणून बांधाबांधावरून फिरण्यात उमर गेली. तेव्हा सैतानाविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही, तो फादरांचा. पण त्या रात्री हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत नेमके काय करायचे, हा प्रश्न शेतकऱ्याचाच आहे.

आमच्या भागात कोणाची म्हैस एकाएकी आटली, चांगले धरते कलम वाळले, की पहिला संशय करणीचा. यात आम्ही ख्रिस्ती लोक मागे नाही. गळ्यात क्रूस आणि गोठ्याच्या दाराला काळी बाहुली, अशी घरे मी पाहिली आहेत. काजूचे कलम वाळले की मी आधी बुंध्याशी वाकून बघतो. खोडकिडीचा भुसा दिसला, तर करणी कोणाची ते तिथेच कळते! पण खरे वाईट गावात नसते असे नाही. बांध दर साली वीतभर कोरणे, भावाचे नाव सातबाऱ्यावरून गुपचूप गाळणे, शेजाऱ्याच्या बागेला बहर आला की आपली झोप उडणे, याला कुठल्याही भुताची गरज लागत नाही.

बायबलात येशूची आणि सैतानाची गाठ पडते ती रानात, चाळीस दिवसांच्या उपासानंतर. सैतान त्याला घाबरवत नाही. भूक लागली आहे ना, मग या धोंड्यांच्या भाकरी कर, म्हणतो. मला एकदा नमस्कार कर, जगातली राज्ये तुझी, म्हणतो. येशू नाही म्हणतो, एवढीच ती लढाई. तलवार नाही, मंत्रतंत्र नाही.

याच येशूने सांगितलेला एक दाखला आम्हा शेतीवाल्यांसाठीच असावा. एकाने शेतात चांगले गव्हाचे बी पेरले. माणसे झोपली असता त्याच्या वैऱ्याने येऊन गव्हात निदण पेरले. कणसे निसवली तेव्हा चाकरांच्या ध्यानात आले. ते म्हणाले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको, निदण उपटताना गहूही उपटला जाईल. दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या.

कॉलेजात असताना हा दाखला मला मुळीच पटत नसे. तण लवकर काढावे, ते पिकाचे अन्न खाते, हे आमचे पहिले शास्त्र. पण ते निदण म्हणजे काय ते पुढे कळले. लोलियम नावाचे ते गवत लोंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखे दिसते. त्याच्या दाण्यात एक बुरशी वस्तीला असते, म्हणून तो खाण्यात गेला की घेरी येते. लोंबी आल्यावर ओळख पटते, तोवर मुळे गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. आपल्याकडे भातात पाखड वाढते तेव्हा तरवा काढणाऱ्या जाणत्या बाईचाही हात फसतो. वैऱ्याचा डाव नीट पाहा. त्याने उभे पीक जाळले नाही. रागाच्या भरात मालकानेच आपले शेत उपटावे, अशी सोय त्याने केली होती.

हे मला पुस्तकापेक्षा आमच्या पंचक्रोशीतल्या एका मावशींनी अधिक शिकवले. नाव सांगत नाही, गावही नाही. ख्रिस्ती घरातल्या, विधवा, मुलगा मुंबईला. त्यांनी वेंगुर्ला-४ जातीची चाळीस काजू कलमे लावली होती. ही जात वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिली. तिसऱ्या वर्षी पहिला मोहर दिसला आणि एका रात्री सगळी कलमे कोयत्याने तोडली गेली. कोणी तोडली हे वाडीला ठाऊक होते. बांधावरून वाद असलेला तो चुलत दीर, आणि पुरावा काही नाही. मी पाहणीला गेलो तेव्हा मोहराचे शेंडे पायवाटेवर सुकून पडले होते. मावशी एका खुंटाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला विचारले, कलमाच्या सांध्याच्या वर तोडलेत की खाली?

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. सांध्याच्या वर काही शिल्लक असेल तर जातिवंत फूट मिळते. खाली तोडले तर येणारी फूट गावठी रोपाची. पण पाऊस लागल्यावर त्या कोवळ्या फुटीवरही मृदुकाष्ठ पद्धतीने पुन्हा कलम बांधता येते. मुळे जमिनीत धरलेली असतात, त्यामुळे नव्या रोपापेक्षा ते लवकर वाढते. मी तसे सांगितले.

भोवती जमलेल्यांचे सल्ले वेगळे होते. त्या दिराच्या पोफळीच्या बागेला पाणी जायचे ते मावशींच्या जागेतल्या पाटाने. उन्हाळ्याचे दिवस, आठ दिवस पाट बांधला असता तर पोफळींनी माना टाकल्या असत्या. ‘पाट बांधा, आपोआप पाया पडत येईल,’ असे एक जण म्हणाला, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी ते कोणालाच वावगे वाटले नाही. मावशी म्हणाल्या, ‘बाबा, तक्रार मी केलंय. पण तेच्या पोफळींनी माझा काय वाईट केल्यानी?’

तक्रार त्यांनी खरोखरच केली होती. तलाठ्याचा पंचनामा करून घेतला आणि पोलिसांत लेखी दिले. आणि पाट वाहता ठेवला. पावसाळ्यात मी दोन दिवस जाऊन कलमे बांधून दिली, आणि ते बघून उरलेली त्यांनी स्वतः बांधली. काही धरली, काही मेली. तो दीर काही पाया पडायला आला नाही. बांधाचा दावा चालूच राहिला. सगळे गोड झाले असे मी लिहिले तर वाडीतली माणसे मला हसतील. पण त्या वर्षी त्या वाडीत दुसरे एकही झाड तुटले नाही, आणि आमच्याकडच्या भाऊबंदकीत एका तोडलेल्या झाडामागून किती झाडे जातात ते वाचकांना मी काय सांगू?

पौल नावाच्या प्रेषिताने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले की वाईटाने तुम्हाला जिंकू देऊ नका, बऱ्याने त्याला जिंका. मावशींनी ते पत्र वाचले होते की नाही, मला माहीत नाही. आपल्या मातीला हा विचार परका नाही. पसायदानात ज्ञानेश्वर माउली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा दुष्टपणा जावा आणि त्यांनाही सत्कर्माची गोडी लागावी, हे मागतात.

एका बाईच्या पाटाची गोष्ट झाली. पण वैरी एकटा नसून टोळीने असेल, पैसेवाला असेल, तर? यासाठी वसईकडे बघावे. राजेळी केळी, पानवेली, फुले, भाजी पिकवून मुंबईला पुरवणारा हा हिरवा पट्टा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जमिनींवर बांधकामवाल्यांची नजर गेली. टँकर भरभरून विहिरींचे पाणी विकले जाऊ लागले. समुद्र जवळ, उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावायला नको. गुंडांची दहशत एवढी की उघड बोलायला कोणी धजेना. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, वसईच्याच मातीतले. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान हजारोंनी रस्त्यावर आले, त्यांत बायका फार. धमक्या आल्या. फादरांनी भ्रष्टाचाराला आणि गुंडगिरीला नाव घेऊन विरोध केला, पण हातात दगड घ्यायला कोणाला सांगितले नाही. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीलाही विरोध झाला, तरी आजारपणात ते तिथे गेले. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले.

वसई सगळी वाचली असे नाही. नालासोपारा, विरारकडे गेलात तर इमारतींपलीकडे काही दिसत नाही. पश्चिमेच्या गावांत मात्र अजून वाड्या आहेत, केळी आहेत, विहिरी आहेत. मी तिथल्या एका वाडीत उभा राहून केळीचे घड मोजले आहेत. माझ्या खात्याच्या हिशोबात तेही उत्पन्नच धरावे.

आता एक गोष्ट भगिनींसाठी, कारण या विषयावर बोललो की सभेनंतर त्याच थांबून विचारतात. नवरा दारू पिऊन मारतो. घरातले म्हणतात सोस, देव बघून घेईल. दाखल्यातल्या मालकानेही थांबा म्हटले, मग आम्हीही थांबायचे का? नाही, बायांनो. मालकाने निदण उपटू नका म्हटले. वैऱ्याला रोज रात्री शेतात येऊ द्या, असे कुठेही म्हटलेले नाही. येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले होते, हे सोसायला सांगणाऱ्यांच्या बरे लक्षात राहत नाही! आणि त्याला पकडून महायाजकापुढे उभे केले तेव्हा एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. येशूचे हात बांधलेले होते. त्याने शाप दिला नाही, मानही खाली घातली नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, आणि बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला विचारले. योहानाच्या शुभवर्तमानात हे लिहिले आहे. शिपायाने काय उत्तर दिले, ते तिथे लिहिलेले नाही.