पायाखालची जमीन

घरातील वृद्ध व्यक्ती पडली की आपण डॉक्टरांना सर्वप्रथम विचारतो, ‘हाड नीट जुळेल ना?’ ज्या जमिनीवर ती पडली, त्या जमिनीकडे आपले लक्ष फार उशिरा जाते. माझेही तसेच झाले.

गेल्या श्रावणात माझी 86 वर्षांची आई गोठ्यात घसरली. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, जमीन काळी. लोखंडी पाइपचे सहा खांब पुरून वर पत्रे घातलेली ती शेड मी आणि माझ्या पुतण्याने स्वतःच उभी केली होती. पण खालची जमीन शेणामातीचीच राहिली होती. आईच्या मनगटाचे हाड मोडले आणि दीड महिन्यात ते जुळलेही. जुळला नाही तो तिचा धीर. गाईला चारा घालणे, सुपात धान्य निवडत तिथेच बसणे, हा तिचा रोजचा क्रम तुटला. ‘मी इथूनच बघते रे’, असे म्हणून ती पडवीतच बसू लागली. दिवाळीपर्यंत तिचे पाय इतके अशक्त झाले की खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, ‘आजींना चालते ठेवा.’ पण तिने चालावे कुठे? म्हणून शेडमध्ये काँक्रीटची जमीन करण्याचे ठरवले.

गवंडीमामांनी पहिल्याच दिवशी सांगितले, ‘गुरुजी, आरशासारखा कोबा घोटून देतो.’ मी नम्रपणे नकार दिला. चकचकीत कोबा कोरडा असतो तोवरच देखणा. त्यावर पाणी सांडले की तरुणाचाही पाय सुटतो.

आराखडा कागदावर काढण्यापूर्वी मी एक साधी गोष्ट केली. आई अंथरुणापासून शेडच्या तोंडापर्यंत चालत गेली आणि मी वही घेऊन तिच्या मागे चाललो. ती कुठे थांबते, कुठे भिंतीला हात लावते, हे टिपत गेलो. तिचे पाऊल जमिनीपासून जेमतेम उचलले जात होते. अर्ध्या इंचाची कडही तिला पुरेशी अडथळ्याची होती. शेडच्या तोंडाशी सहा इंचांची पायरी होणार होती. तिच्याजागी सहा फूट लांबीचा उतार धरला, म्हणजे एका इंचाच्या चढाला एक फूट लांबी. आधाराच्या कठड्याचे पाइप काँक्रीट ओतण्याआधीच उभे केले. मागाहून खड्डे पाडून बसवलेला कठडा हलू लागतो आणि हलणारा आधार नसलेल्या आधारापेक्षा घातक.

जमिनीचे खरे बळ तिच्या पोटात असते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट तिच्याबरोबर वरखाली होते. म्हणून दीड फूट माती काढून टाकली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने ठोकला. वर खडीचा थर आणि ओल वर येऊ नये म्हणून जाड प्लॅस्टिकचा कागद. पाणी कडेला मुरू नये यासाठी भोवती चर काढला. जमिनीला दर चार फुटांना एक इंच ढाळ दिला. धुतलेले पाणी निघून जाते, पण चालताना ढाळ जाणवत नाही.

शेड 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद. चार इंच जाडीसाठी 100 घनफूट काँक्रीट, म्हणजे सुमारे 23 पोती सिमेंट. आठ मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचांवर बांधल्या. इथे बहुतेकांची चूक होते, ती सांगतो. जाळी जमिनीवर अंथरतात आणि ओतताना वर ओढून घेऊ म्हणतात. ती खालीच राहते. आम्ही जाळीखाली दोन इंचांचे सिमेंटचे ठोकळे ठेवले, त्यामुळे ती वरच्या पृष्ठापासून दीडएक इंचावर राहिली. लोखंड भेग पडूच देत नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. काँक्रीट सुकताना आकुंचन पावते, भेग पडू शकते. लोखंड त्या भेगेला रुंदावू देत नाही.

भेग कुठे पडावी हे आपणच ठरवलेले बरे. म्हणून जमिनीचे 10 फूट बाय साडेसात फुटांचे चार भाग केले. समोरासमोरचे दोन कोपरे आधी ओतले, उरलेले दोन नंतर. दोन भागांमधील सांध्यात गुळगुळीत गोल गज आडवे घातले आणि त्यांच्या एका अर्ध्या भागाला ग्रीस लावले. भाग आकुंचन पावू शकतात, पण एक वर आणि दुसरा खाली होत नाही. गवंडीमामांना हे अनाठायी वाटले. मी म्हणालो, ‘मामा, इथे कड उभी राहिली तर आईचा पाय तिथेच अडखळणार.’ मग त्यांनी स्वतःच ग्रीस लावले. खांबांभोवती थर्माकोलची पट्टी ठेवली. खांबाला घट्ट चिकटलेले काँक्रीट त्याच्या कोपऱ्यापासून तडकते.

आता माझ्या चुकीविषयी. पुतण्या आणि मजूर पोती उचलत होते, कारण 50 किलोचे ओझे माझ्या वयाला झेपणारे नव्हते. तेवढी सावधगिरी मी पाळली. पण गमबूट न घालता रबरी चपलांवरच तीन तास ओल्या काँक्रीटमध्ये उभा राहिलो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते त्वचा जाळते आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्यात मला जुना मधुमेह, पायांची संवेदना कमी झालेली. रात्री पाय धुताना घोट्यावर काळसर डाग दिसला, सकाळी तिथली कातडी निघाली होती. डॉक्टर रागावले, ते योग्यच होते. जखम भरायला महिना लागला. आईच्या पावलांचा विचार करताना मी माझी पावले विसरलो. आपल्यापैकी जे घरात कुणाची शुश्रूषा करतात, त्यांना हे विसरणे परिचित असेल. ओल्या सिमेंटजवळ गमबूट आणि हातमोजे हवेतच; अंगाला लागले तर कपडे, पादत्राणे काढून भरपूर स्वच्छ पाण्याने त्वरित धुवावे, आणि मधुमेह असेल तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

काँक्रीट आळण्याआधी त्यावर उताराच्या आडव्या दिशेने खराटा ओढला. त्या बारीक रेषांनी ओल्यातही पाऊल धरून ठेवले जाते, आणि गाईचा खूरही घसरत नाही. उताराच्या कडेला पिवळा पट्टा रंगवला, कारण मंद दृष्टीला करड्या रंगातली कड दिसत नाही.

मग पाण्याचे चौदा दिवस आले. सिमेंटला बळ वाळण्याने नव्हे, ओलाव्याने येते. किमान आठवडाभर तरी पृष्ठभाग ओला ठेवावाच लागतो. माझा पाय बांधलेला. आईने खुर्ची पडवीच्या टोकाला आणवली आणि देखरेख आपणहून हाती घेतली. ‘अरे, तो खांबाकडचा कोपरा वाळला बघ’, असे ती पुतण्याला दिवसातून चारदा सांगे. पुढेपुढे कोपरा नीट दिसावा म्हणून स्वतः उठून उभी राहू लागली. कित्येक महिन्यांत ती प्रथमच विनाआधार उठत होती.

28 दिवसांनी गाय आत आली. तिच्या मागून, कठडा धरून, आई. चार पावले टाकून ती थांबली आणि म्हणाली, ‘खरखरीत केलीस रे, पायाला टोचते.’ मी मागे पट्टा असलेल्या चपला पुढे केल्या. तिने त्या घातल्या आणि सूप मागितले.

तुमच्या घरी शेड नसेल, गोठा नसेल. पण न्हाणीघर, अंगण, उंबरा असेलच. एकदा आपल्या वडीलधाऱ्यांच्या मागे वही घेऊन चालून पाहा. त्यांचा हात कुठे भिंत शोधतो, ते टिपून ठेवा. काम तिथून सुरू करा, आणि ते करताना स्वतःच्या पायांकडेही लक्ष असू द्या.