वायरलेसवाले मामू

मुलांनो, फोनवर बोलणे संपले की तुम्ही काय म्हणता? 'खुदा हाफिज', होय ना? आमचे मंठ्याचे मामू म्हणतात, 'ओव्हर!'

मामू सैन्याच्या सिग्नल्स दलात रेडिओ ऑपरेटर होते. १९११ साली स्थापन झालेल्या या दलाचे बोधवाक्य आहे 'तीव्र चौकस'. दहावी होताच मामू परतूरला आगगाडीत बसले आणि मनमाडमार्गे जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात पोहोचले.

तेथे मोर्सची लिपी शिकावी लागे. छोटा आवाज आणि लांब आवाज, एवढ्यावरच सारी अक्षरे! मामू जेवतानाही चमच्याने ताटावर सराव करीत. वाढणाऱ्याला वाटे, यांना आणखी वरण हवे. मोर्स येईपर्यंत मामूंचे वजन चांगलेच वाढले.

मग आला वायरलेस सेट. त्याचे बटण दाबून बोलायचे. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे, म्हणजे 'आता तुम्ही बोला', आणि बटण सोडून ऐकायचे. बटण दाबलेले असेल, तर पलीकडचे काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मामू बटण सोडायलाच विसरले. उत्तर येईना, तेव्हा शेजाऱ्याला म्हणाले, "साहेबांचा डोळा लागला वाटते." हे वाक्य सगळ्या सेटांवर ऐकू गेले. साहेबांच्याही! मग सेट पाठीवर घेऊन मैदानाला फेऱ्या.

"किती फेऱ्या, मामू?"

"मोजायला शुद्ध कुणाला होती, बेटा!"

सेटवर खरखर फार. इंग्रजीतले बी, डी, पी सारखेच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असतो. त्या रीतीने मंठा म्हणजे माइक, अल्फा, नोव्हेंबर, टँगो, हॉटेल, अल्फा. तेव्हापासून मामूंचे सोबती विचारीत, "तुमच्या गावचे टँगो हॉटेल कसे चालले आहे?"

मी बी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. मराठीच्या सरावपाठात मी 'केळी'ला 'केली' म्हणालो. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे नाही, असे मी ठरवले. मामूंनी सारे ऐकले आणि मला गच्चीवर पाठवले. स्वतः खाली अंगणात बसले.

"बोल. ओव्हर!"

"केली!"

"से अगेन!"

से अगेन म्हणजे पुन्हा बोला. सेटवर असे म्हणायला कुणी लाजत नाही आणि ऐकणारा हसत नाही. अंधार पडेपर्यंत मी केळी, नळी, पोळी ओरडत होतो. मोहल्ल्यातल्या पोरांचा 'ळ' माझ्याआधी सुधारला! दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो.

आता मामूंना कमी ऐकू येते. परवा मी फोन केला.

"मामू, ईदला येतो."

"से अगेन!"

तीनदा ओरडून सांगितले. मग पलीकडे एकदम शांतता. मी घाबरलो. तेवढ्यात मुमानींचा आवाज आला, "अरे बेटा, तू 'ओव्हर' कुठे म्हणालास? ते थांबले आहेत!"