कळसूबाईच्या पायथ्याशी

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते, हे शाळकरी पोरही सांगते: कळसूबाई, १६४६ मीटर. पण जिचे हे नाव, त्या कळसूची हकिकत पुष्कळांना ठाऊक नसते. लोक सांगतात, की ही पोर पाटलाघरी कामाला राहिली ती एका अटीवर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. पाटलाने एके दिवशी नेमके तेच काम लावले. ते उरकून ती डोंगरावर गेली, ती कायमचीच.

आमच्या कॉलेजातल्या काही मुलींना असे निघून जाता येत नाही. चार घरची भांडी घासूनच त्या तासाला येतात. त्यांच्या खानावळीच्या खर्चासाठी आम्ही दहा-बाराजण उद्या पहाटे बारी गावातून हा डोंगर चढणार आहोत. या चढाईच्या नावाने लोकांनी पैसे दिले आहेत.

कड्यावरच्या लोखंडी शिड्या, माथ्यावरचे देवीचे छोटेसे देऊळ, तिथून दिसणारे अलंग, मदन, कुलंग आणि भंडारदऱ्याचे पाणी, हे सारे आमच्या वाट्याला. देणाऱ्यांच्या वाट्याला काय? फाटकाजवळच्या चहावाल्याने एका दिवसाचा गल्ला दिला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पावतीसुद्धा घेतली नाही. दम आम्हांला लागेल. पण अवघड चढ या मंडळींनी आधीच चढून ठेवला आहे.

शिखर गाठल्यावर आभार कोणीही मानतो. मी ते पायथ्याशीच मानतो. उद्या धुके दाटले आणि अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, तरी त्या मुलींची ताटे रिकामी राहणार नाहीत.