दोन तुर्भे, एक मोटार

तुर्भे नावाची दोन ठिकाणे आहेत, हे पुष्कळ मुंबईकरांच्या गावीही नसते. एक खाडीच्या पलीकडचे, ज्याचे इंग्रजांच्या जिभेने ‘ट्रॉम्बे’ केले. आणि दुसरे अलीकडचे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे, ज्याचे दुसरे काही करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. मी या दुसऱ्या तुर्भ्याचा रहिवासी. जुन्या पिढीतल्या एखाद्या गृहस्थाला पत्ता सांगितला, की तो हमखास विचारतो, “म्हणजे अणुशक्तीच्या बाजूला का?” मग मी नम्रपणे सांगतो, “नाही हो, कांदे-बटाट्यांच्या बाजूला.”

आमचे तुर्भे ही काही पर्यटकांनी मुद्दाम येऊन पाहावी अशी जागा नव्हे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, दगडाच्या खाणींनी जागोजागी पोखरलेला. त्याच्या पायथ्याशी साठीच्या दशकात आलेली औद्योगिक वसाहत. पश्चिमेला कृषी उत्पन्न बाजार समितीच्या अफाट मंडया. त्यांच्या पत्त्यात कोणी वाशी लिहितो, कोणी तुर्भे. मधून ठाणे-वाशी लोहमार्ग जातो. तो २००४ साली उतारूंसाठी खुला झाला आणि आम्ही खऱ्या अर्थाने जगाच्या जवळ आलो. आणि या सगळ्यांच्या सांदीत आगरी-कोळ्यांचे मूळ गाव, त्याचे देऊळ आणि त्याच्या अरुंद गल्ल्या. पहाटे चार वाजता ट्रकांचा घरघराट सुरू होतो. वारा पश्चिमेचा असला की कांद्याचा वास, पूर्वेचा असला की खाणीची धूळ, आणि फाल्गुन सरता सरता पंधरा-वीस दिवस असे येतात, की सारा रस्ता हापूसच्या पेट्यांनी घमघमतो. त्या दिवसांत मात्र तुर्भेकर इतरांकडे जरा तोऱ्याने पाहतात.

अलीकडे या तुर्भ्याला आणखी एक वैभव प्राप्त झाले आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने मोटारी विकणाऱ्यांची काचेची दालने ओळीने उभी राहिली आहेत. माणसाला मोटार घ्यायची असली, की त्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जावे. चार ठिकाणी कॉफी मिळते. गेल्या थंडीत मी ही कॉफी इतकी प्यालो, की एका दालनातला शिपाई मला नावाने ओळखू लागला.

त्याचे असे झाले. आमची जुनी मोटार तेरा वर्षांची झाली. तिच्यावर आमचा फार जीव. परंतु पावसाळ्यात तिच्या छतातून नेमके माझ्याच मांडीवर थेंब पडू लागले, तेव्हा घरात नव्या मोटारीचा विषय निघाला आणि निघाल्याबरोबर घराचे दोन तट पडले.

पहिला तट आमच्या आईचा. तिचे वय ब्याऐंशी. मोटारीतले तिला काही कळत नाही असे ती स्वतःच म्हणते, आणि मग निकाल देते. तिचे म्हणणे एवढेच, “सात जणांची गाडी घे.” सात जणांची म्हणजे पेट्रोलवर चालणारी, उंच, रुंद, हल्ली जिला सगळेच ‘एसयूव्ही’ म्हणतात ती. दुसरा तट आमची सौ. आणि कन्या यांचा. त्यांना विजेवरची, आटोपशीर, पाच जणांची मोटार हवी होती. मी मधल्यामध्ये, गृहस्थाश्रमातली ही जागा वाचकांच्या चांगल्या परिचयाची असेल.

विजेच्या मोटारीला लोक नवे खूळ म्हणतात. पण विजेवरचे वाहन मुंबईला काही नवे नाही. विजेची ट्राम येथे १९०७ साली धावू लागली आणि १९६४ च्या मार्चअखेर थांबली. बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी १९२५ सालची. मोटारीचे म्हणाल तर ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने, १८९९ साली, झेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने. त्या काळी पेट्रोलची मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागे; तो उलटला तर मनगट मोडे. विजेच्या मोटारीला हा त्रास नव्हता, म्हणून श्रीमंत घरच्या स्त्रिया तीच पसंत करीत. पुढे १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला, पेट्रोलची मोटार कळ दाबताच सुरू होऊ लागली, आणि विजेची मोटार मागे पडली. विजेनेच विजेच्या मोटारीचा घात केला म्हणा ना!

आता ती परत आली आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातही तयार होते. टाटांची नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगावला होते, महिंद्रांच्या नव्या विजेच्या मोटारी चाकणला. सरकारचीही तिच्यावर मर्जी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा मोठ्या पेट्रोल मोटारीवर चाळीस टक्के कर ठरला आणि विजेच्या मोटारीवर पाचच टक्के राहिला. त्याआधी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकर माफ झाला. हे ऐकून मला फार आनंद झाला. पण अटल सेतूवरून आमचे जाणे वर्षातून एकदा, तेही पाहुण्यांना समुद्र दाखवायला.

मी हिशेबी माणूस. मी एक वही घातली आणि दोन महिने मोटार कोठे कोठे गेली, किती किलोमीटर चालली, आत माणसे किती होती, हे रोज रात्री लिहून ठेवले. महिन्याला सरासरी आठशे किलोमीटर भरले. मोठी पेट्रोल मोटार शहराच्या गर्दीत लिटरला अकरा किलोमीटर गेली तरी पुष्कळ. म्हणजे त्र्याहत्तर लिटर. लिटरला शंभरावर चार रुपये धरले, तर साडेसात हजारांवर खर्च. विजेची मोटार एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाते असे धरले, तर एकशे तेवीस युनिटे. घरच्या विजेचे दहा रुपये धरले, तर साडेबाराशेच्या आत. घरगुती बिलाचा वरचा टप्पा लागला तर हा आकडा वाढतो, म्हणून मोटारीसाठी निराळा मीटर घेणे शहाणपणाचे. तरीही महिन्याला सहा हजारांचा फरक हा मध्यमवर्गीय माणसाला विचारात पाडणाराच आकडा आहे.

परंतु वहीने मला दुसरेच काही सांगितले. दोन महिन्यांत मोटारीत चारांहून अधिक माणसे एकदाही बसली नव्हती. बहुतेक वेळा दोघे; पुष्कळदा मी एकटा. मग सात जागा कोणासाठी? मी वही घेऊन आईकडे गेलो आणि आकडे वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि बोटांवर मोजू लागली. “मी, तू, सूनबाई, नात, धाकटा, त्याची बायको, त्याचा मुलगा. किती झाले?”

सात झाले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हो, सांगायचे राहिलेच. धाकटा भाऊ ठाण्याला राहतो. रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर. पण चिपळूणजवळच्या आमच्या घराचे छप्पर शाकारण्याच्या खर्चावरून तीन वर्षांपूर्वी दोघांत शब्दाला शब्द लागला. भांडण असे नाही. सणावाराला फोन होतो, प्रकृतीची चौकशी होते. पण गावी तो गणपतीला जातो आणि आम्ही शिमग्याला. आईला मोटारीतले कळत नाही हे खरे; पण तिने मागितली होती ती मोटार नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सौ. मला खिडकीशी घेऊन गेली. “अहो, हे बघा.” आमचे घर पहिल्या मजल्यावर, आणि आमची मोटार उभी राहते ती आईच्या खोलीच्या बरोबर खाली. आईला दम्याचा जुना विकार. सकाळी मोटार सुरू केली, की धूर सरळ वर येतो आणि आई न बोलता उठून खिडकी लावून घेते. तेरा वर्षे मी मोटार सुरू करीत होतो आणि तेरा वर्षांत मान वर करून पाहिले नव्हते. आमच्या एका मोटारीने तुर्भ्याची हवा सुधारणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. शेकडो ट्रक आणि डोंगराची धूळ तिथे हजर आहेच. पण एका खिडकीपुरती ती नक्की सुधारणार होती.

कन्येने मात्र मला फार पुण्यवान होऊ दिले नाही. “बाबा, वीज काही आकाशातून पडत नाही. ती चंद्रपूर-कोराडीला कोळसा जाळून होते.” तिचे खरेच होते. कोयनेचे पाणी आहे, सूर्याची वीज वाढते आहे. तरी महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचाच. मला एकदम पलीकडचे तुर्भे आठवले. त्या तुर्भ्याच्या परिसरात, माहुलला, १९५४ आणि १९५५ साली तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने निघाले. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांचे आहेत. तेथेच १९५६ साली टाटांचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी. म्हणजे पेट्रोल काय, वीज काय, दोन्हींची चूल त्या तुर्भ्यात. आणि दोहोंतून एक निवडण्याची पंचाईत या तुर्भ्यात! चुलीचा धूर कोणाच्या तरी नाकात जातोच. फरक एवढाच, की मोठ्या चुलीचे धुराडे उंच असते आणि तिच्यात पुढेमागे सरपण बदलता येते. मोटारीच्या चुलीत ते बदलता येत नाही.

शेवटी विजेची मोटार ठरली. मग सोसायटीच्या सभेत दीड तास चर्चा झाली. मीटर कोणाचा, तार कोठून, आग लागली तर? एका वृद्ध सभासदांनी विचारले, “पावसात पाणी तुंबले तर वीज जिन्यापर्यंत येईल काय?” बॅटरी बंद पेटीत असते, तिच्यात पाणी शिरत नाही, आणि बिघाड झाल्यास प्रवाह आपोआप तुटतो, हे विक्रेत्याकडून पाठ केलेले मी सारे म्हणून दाखविले. ठराव संमत झाला. त्यानंतर त्याच सभासदांनी हळूच मोटारीची किंमत विचारली.

आईला मी सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बरे केलेस. पाच जणांची, ना?” त्या रात्री मी भावाला फोन केला. “शिमग्याला यंदा बरोबर निघू या का? तुझी पेट्रोलची असू दे संगतीला. माझी वाटेत बसली तर आईला पोचवायला कोणीतरी हवे.” पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग तो म्हणाला, “दादा, किती वाजता निघायचे ते सांग.”

तुर्भ्याहून आमचे गाव सव्वादोनशे किलोमीटर. मोटारीच्या कागदावर साडेचारशेचा पल्ला छापला असला तरी खरा तीनशेचा धरून चालावे. आणि गावी विजेचा भरवसा नाही. म्हणून माणगावच्या आसपास मोटार तासभर जोडून ठेवायचे ठरले. येथे वीज घरच्यापेक्षा दुपटीने महाग पडते. आई जाताना भावाच्या मोटारीत बसली होती. मोटार तारेला लावली, बायकामुले नाश्त्याला गेली, आणि आम्ही दोघे भाऊ बाकावर बसलो.

पहिली दहा मिनिटे मोटारीवर गेली. पुढची दहा मुलांच्या अभ्यासावर. मग दोघांचेही विषय संपले, आणि पडद्यावरचा आकडा अजून साठावरही आला नव्हता. उठून जाण्याची सोय नव्हती. भावानेच शेवटी घसा साफ केला. “दादा, त्या छपराचे काय करायचे?” कौले ठेवायची की पत्रे घालायचे, वासे किती बदलायचे, सुतार कोण, निम्मे-निम्मे की कसे, हे सारे आम्ही माझ्या हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानावर मांडले. आकडा ऐंशीवर आला तेव्हा कौले ठरली होती.

विजेच्या मोटारीचा हा मोठा दोष सांगतात, की तिला वाटेत फार वेळ लागतो. आरोप खरा आहे. पेट्रोल पाच मिनिटांत भरते. पण तीन वर्षांचे न बोललेले बोलणे पाच मिनिटांत भरून निघत नाही.

येताना आई आमच्या मोटारीत बसली. सात माणसांना दहा जागा होत्या, त्यामुळे गावच्या नारळांनाही ऐसपैस बसता आले. तुर्भ्याला पोचलो तेव्हा पहाट होत होती. मंडईकडे आंब्याचे ट्रक वळत होते. मी मोटार खिडकीखाली उभी केली आणि सवयीने वर पाहिले. खिडकी उघडीच होती.

गेल्या रविवारी भावाचा फोन आला होता. छपराचे काम पुरे झाले, आणि त्याच्या मोटारीलाही आता दहा वर्षे होत आली आहेत. तो विचारीत होता, “दादा, तुमच्या त्या तुर्भ्याच्या रस्त्यावर कॉफी सगळ्यांत चांगली कोणाकडे मिळते?”